इंजिनातली कटकट आणि आठशे वर्षांपूर्वीचा एक कारागीर

अब्बांची मोटारसायकल अजून आमच्या दारात उभी असते. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक. १९९१ साली त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून ती घेतली तेव्हा मी सहावीत होतो. अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. रोज सकाळी फडक्याने टाकी पुसायची, मग बिस्मिल्ला म्हणून किक मारायची, हा त्यांचा नेम. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. घरात नवी स्कूटर आहे, तरी आठवड्यातून दोन-तीनदा मी शाळेला हीच गाडी नेतो. ती चालू राहावी एवढीच इच्छा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी तिच्या इंजिनातून आवाज येऊ लागला. सकाळी थंड असताना जास्त, गरम झाल्यावर थोडा कमी. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने दोन मिनिटं ऐकलं न ऐकलं आणि निकाल दिला, "टॅपेट वाजतायत सर." पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याने टॅपेट आवळले. आवाज थोडा कमी झाला, मी पैसे दिले, खूश होऊन घरी आलो.

महिन्याभरात गाडी गरम असताना चालू व्हायला कुरकुर करू लागली. दंडोबाच्या बाजूचा चढ चढताना दम टाकू लागली. आणि मूळ आवाज होता तिथेच होता. पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेलो तर उत्तर मिळालं, "इंजिन कामाला आलंय. बोअर करावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी ढकलत घरी आणली.

याच सुमारास शाळेत दुसरी एक गोष्ट घडली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांनी तक्ते केले होते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान माझा विषय नाही. तरी एक तक्ता मी हौसेने स्वतः करून घेतला होता. ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘कॅमशाफ्टचा शोध : अल-जझरी, इ.स. १२०६. आज जगातली प्रत्येक मोटार या मुस्लिम शास्त्रज्ञाच्या शोधावर चालते.’ ही माहिती मोबाइलवर फिरत आली होती. मी पडताळली नव्हती.

नववीतली एक मुलगी तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सर, याच्या आधी हे कोणीच बनवलं नव्हतं का? आणि कॅमशाफ्ट म्हणजे नेमकं काय?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, "बेटा, उद्या सांगतो." तो उद्या यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्याची हकिगत या लेखात सांगायची आहे, कारण गाडीचा आवाज आणि मुलीचा प्रश्न हे दोन्ही मला एकाच ठिकाणी घेऊन गेले.

कानाने बघणारा माणूस

एका सहकाऱ्याने मला मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे पाठवलं. सत्तरीला टेकलेला माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, बाहेर कडुनिंब. मी गाडी उभी केली आणि आधीच्या गॅरेजची तक्रार सांगू लागलो. चाचांनी हात वर करून मला थांबवलं.

"सर, पहले गाडी को बोलने दो. तुम बाद में बोलो."

त्यांनी आधी तेल पाहिलं. काळं झालं होतं, पातळीही खाली गेलेली. ते म्हणाले, तेल कमी असेल तर सगळेच भाग वाजतात, त्यामुळे तेल बदलल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. तेल बदललं. मग गाडी थंड होऊ दिली, चहा झाला, आणि नंतर किक मारली. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक त्यांनी इंजिनाच्या हेडवर टेकवलं आणि मुठीकडची बाजू कानाला लावली. मग टोक डावीकडे सरकवलं, मग खाली. अॅक्सिलरेटर थोडा वाढवून एकदम सोडला. मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "सुनो."

मी ऐकलं. हेडवर टिक-टिक फारशी नव्हतीच. डाव्या बाजूला मात्र खळखळ होती, जणू डब्यात साखळी हलवावी. अॅक्सिलरेटर सोडताच ती वाढायची.

"टॅपेट का नै है ये. टायमिंग चेन का है."

मिरजेत कानाने निदान करण्याची परंपरा तशी जुनी आहे. इथले सतारमेकर मुळात शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम कमी झालं तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे त्यांच्या घराण्यांनी मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना देशभर नाव मिळवून दिलं. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तार सैल आहे की ताणलेली, हे तिथे कानच ठरवतो. चाचा साखळीच्या बाबतीत तेच करत होते.

इंजिनाच्या पोटातलं रहाटगाडगं

मग चाचांनी मला समजावलं, आणि मी पहिल्यांदा मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिकलो.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एक फेरा पुरा होतो. या फेऱ्यात पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि धूर बाहेर सोडणारा एकदा. म्हणजे खालच्या क्रँकच्या दोन गिरक्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायला हवा. हे काम वरचा दांडा करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा तरफेला ढकलतो, तरफ व्हॉल्व्हला. उंचवटा म्हणजे कॅम, दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. खालच्या क्रँकवरून वरच्या दांड्यापर्यंत एक बारीक साखळी जाते, तीच टायमिंग चेन. वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते असतात, म्हणून ते निम्म्या वेगाने फिरतं. इंजिन मिनिटाला ४००० गिरक्या घेत असेल तर कॅमशाफ्ट २००० घेतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहतीस वेळा उघडतो आणि मिटतो.

आपल्या विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. माळेची एक बाजू भरलेल्या गाडग्यांनी ताणलेली, दुसरी सैल. इंजिनातही तसंच. क्रँक ज्या बाजूने साखळी ओढतो ती बाजू ताठ राहते, परतीची बाजू सैल पडते. सैल बाजू मोकळी सोडली तर ती फडफडेल, आतल्या भिंतीला घासेल आणि फारच वाढली तर दात्यावरून उडी मारेल. मग व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडून पिस्टनवर आपटूही शकतो. म्हणून सैल बाजूला एक दाब देणारा भाग बसवलेला असतो. त्याला टेन्शनर म्हणतात.

आमच्या गाडीत एक छोटा आडवा हात आहे, त्याच्या टोकाला रबर चढवलेलं चाक. हाताला खालून एक पोकळ दांडी ढकलते. दांडीखाली स्प्रिंग, आणि दांडीत इंजिन ऑइल भरतं. स्प्रिंग सतत दाब देते, तेल धक्का पोटात घेतं. इंजिनाच्या तळाशी डाव्या बाजूला एक मोठा बोल्ट असतो. तो खोलला की स्प्रिंग आणि दांडी खाली हातात येतात. हे काम करताना इंजिन उघडावं लागत नाही.

"फिर पहले वाले ने ये क्यों नहीं देखा?" मी विचारलं.

चाचा हसले. "उसकी गलती नै. हमको भी किसीने नै सिखाया था."

मिस्त्रींच्या कानांचा इतिहास

चाचांच्या या वाक्यात आपल्या गावोगावच्या गॅरेजांचा एक छोटा इतिहास आहे. ते १९७०च्या दशकात काम शिकले. तेव्हा रस्त्यावर राजदूत होती, येझदी होती, बजाजच्या स्कूटर होत्या. या सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनात असे व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो, टायमिंग चेन नसते. पिस्टनच सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं उघडतो आणि झाकतो. बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण तिचा कॅम खाली असतो आणि लांब दांड्या वरच्या तरफा ढकलतात. तिथेही ही साखळी नाही.

१९८०च्या दशकात जपानी कंपन्यांशी करार होऊन शंभर सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १००. याही टू-स्ट्रोकच. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली ती वेगळी होती. ९७.२ सीसीचं, जवळजवळ आडवं बसवलेलं फोर-स्ट्रोक इंजिन, आणि त्यात वर कॅमशाफ्ट. आपल्या गावांतल्या शेकडो मिस्त्रींनी टायमिंग चेन पहिल्यांदा पाहिली ती याच गाडीमुळे. टू-स्ट्रोकवर तयार झालेल्या कानांना खळखळ आणि टिक-टिक यांतला फरक नवा होता. जे ऐकत राहिले ते शिकले. ज्यांना घाई होती त्यांनी प्रत्येक आवाजाला टॅपेट हे नाव दिलं.

होंडासाठीही हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला होता. १९५८ ची त्यांची प्रसिद्ध सुपर कब दांड्या ढकलणाऱ्या इंजिनाची होती. साखळीने फिरणारा वरचा कॅम त्यांनी १९५७ च्या २५० सीसी ड्रीममध्ये वापरला होता आणि १९६०च्या दशकात तो कबच्या लहान इंजिनांतही आणला. कब मालिकेच्या गाड्यांची संख्या २०१७ मध्ये दहा कोटींवर गेली. सीडी १०० चं इंजिन याच घराण्यातलं.

पण साखळीने कॅम फिरवणं ही होंडाची कल्पना नव्हे. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या एजेएस कंपनीने १९२७ मध्ये साखळीवर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅमची मोटारसायकल काढली होती. तिची साखळी ताणून धरण्यासाठी स्प्रिंगच्या पोलादाची वाकलेली पट्टी होती, वेलर टेन्शनर नावाची. शंभर वर्षांपूर्वीही साखळी सैल पडणं हा प्रश्न होता आणि उत्तरही तेच होतं : सैल बाजूला हळुवार, पण सतत दाब. आणि ही साखळी शक्य झाली ती मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस कारागिरामुळे. त्याने १८८० मध्ये बुश-रोलर साखळीचं पेटंट घेतलं. आपल्या सायकलच्या साखळीचा वंश तिथूनच येतो.

अल-जझरीची वही

सुटा भाग सांगलीहून यायला वेळ लागणार होता. त्या दिवसांत मी अल-जझरीच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मिळवला. डोनाल्ड हिल या अभ्यासकाने तो १९७४ मध्ये केला आहे. उर्दूच्या शिक्षकाला पहिला आनंद नावांचाच झाला. जझीरा म्हणजे बेट. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधल्या प्रदेशाला अरब अल-जझीरा म्हणत, तिथला म्हणून तो जझरी. आपल्या मुरूडच्या जंजिऱ्याचं नावही याच शब्दातून आलं. ग्रंथाच्या नावात ‘हियल’ हा शब्द आहे, ‘हीला’चं अनेकवचन. अरबीत याचा अर्थ युक्तीने केलेली यंत्रं असाही होतो. उर्दूत मात्र हीला म्हणजे बहाणा एवढाच अर्थ आपण शिल्लक ठेवला. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

अल-जझरी हा दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी असलेला कारागीर. आज ते शहर तुर्कस्तानात आहे. नासिरुद्दीन महमूद या सुलतानाच्या सांगण्यावरून त्याने हा ग्रंथ १२०६ मध्ये पूर्ण केला. त्यात पन्नास यंत्रं आहेत : घड्याळं, कारंजी, हात धुण्याची भांडी, पाणी उपसण्याची साधनं. एका नावेत यांत्रिक वादक बसवले आहेत. पाण्याने फिरणाऱ्या दांड्यावर खुंट्या आहेत, खुंटी तरफेला लागली की वादकाचा हात ढोलावर पडतो. पाहताच मला चाचांची शेड आठवली. फिरता दांडा, त्यावरचा उंचवटा, आणि ठरलेल्या क्षणी हलणारी तरफ. इथे ढोल वाजतो, तिथे व्हॉल्व्ह उघडतो. तत्त्व तेच.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर तक्ता खरा ठरल्याचं समाधान मिळालं असतं. पण मुलीचा पहिला प्रश्न उरला होता : याच्या आधी कोणीच नाही का?

होते. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वाऱ्यावर चालणाऱ्या एका वाद्याचं वर्णन केलं आहे. त्यातही फिरत्या आसावरच्या खुंट्या तरफ उचलतात. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात पाण्याच्या चाकावर चालणारे कांडपाचे हातोडे होते, तेही असेच उचलले जात. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीसाठी खुंट्यांचा दंडगोल वापरला. हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बिरूनीने समरकंदमध्ये कागदासाठी तंतू कुटणाऱ्या पाणहातोड्यांचा उल्लेख केला आहे. तोही अल-जझरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचा. साखळीचंही तसंच. चीनमध्ये सू सोंगने अकराव्या शतकाच्या अखेरीस काइफेंगला उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यात गती पोहोचवणारी न संपणारी साखळी होती.

मग अल-जझरीचं मोठेपण कशात? ते त्याच्या लिहिण्यात आहे. आकृती काढून, मापं देऊन, कुठला भाग कशाचा, कसा घासायचा, कुठे डाख लावायचा, हे तो इतकं तपशिलाने सांगतो की वाचणाऱ्याला यंत्र बनवता यावं. कॅम, तरफ, क्रँक आणि पाणी यांना त्याने एकत्र कामाला लावलं. त्याच्या पाणी उपसणाऱ्या एका यंत्रात गोल फिरणं पुढे-मागे सरकण्यात बदलतं आणि दोन पंप आळीपाळीने चालतात. इंजिनात याच्या उलट होतं : पिस्टनचं पुढे-मागे जाणं गोल फिरण्यात बदलतं.

मला सगळ्यात भावली ती त्याची वृत्ती. आपल्याआधीच्या विद्वानांचे ग्रंथ आपण वाचले, हे तो आरंभीच सांगतो. करून पाहिल्याशिवाय अशा विद्येवर विश्वास ठेवता येत नाही, असं त्याचं मत आहे. कारंज्यांबद्दल लिहिताना तो बनू मूसांचं नाव घेतो आणि त्यांच्या रचनेत पाण्याचे आकार इतक्या लवकर बदलतात की पाहणाऱ्याला कळत नाही, असा दोष दाखवून आपली सुधारणा मांडतो. पूर्वजांचं नाव, त्यांचं ऋण आणि त्यांची चूक, तिन्ही तो एका जागी ठेवतो.

त्याच्या हत्तीच्या घड्याळात आपल्या ओळखीची एक वस्तूही सापडते. हत्तीच्या पोटातल्या हौदात एक भोकाचं पात्र तरंगतं. हळूहळू भरतं, बुडतं, आणि बुडताना दोऱ्या ओढून वरची सगळी चित्रं हलवतं. बुडणाऱ्या वाटीने वेळ मोजण्याची ही रीत हिंदुस्थानात त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होती. आपण मराठीत ‘घटका भरली’ म्हणतो ते या वाटीमुळेच. दियारबकरच्या कारागिराने ही वाटी हत्तीच्या पोटात ठेवली. ती कुणाची, यावर तो भांडत बसला नाही.

अल-जझरीची वही घेऊन कोणी होंडाच्या कारखान्यात गेलं नव्हतं, हेही खरं. तिथपासून इथपर्यंत सरळ रेषा काढता येत नाही. मधे युरोपातल्या पाणचक्क्या आहेत, लोहारशाळांचे हातोडे आहेत, १८७६ चं निकोलाउस ओटोचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. खूप हातांनी ही गोष्ट पुढे सरकवली.

बोल्ट खोलला तेव्हा

सुटा भाग आल्यावर मी सुट्टीच्या दिवशी सकाळीच चाचांकडे गेलो. त्यांनी घाईने काही केलं नाही. आधी टॅपेटची फट मोजली, थंड इंजिनावर, पिस्टन वर आणून, मॅग्नेटवरची खूण जुळवून. धुराच्या बाजूला पातळ पत्तीही जाईना. आधीच्या मुलाने आवाज दाबण्यासाठी फटच संपवली होती. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह थोडा लांबतो. फट नसेल तर तो पुरता मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्हची बैठक जळते. गाडीचा दम गेला होता तो यामुळे. म्हणजे जो भाग निर्दोष होता, त्याला मी पैसे देऊन बिघडवला होता.

मग हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढलं. चाचांनी मॅग्नेट हाताने किंचित पुढे-मागे फिरवला. खालचं चाक लगेच हलत होतं, वरचं स्प्रॉकेट क्षणभर थांबून मग हलत होतं. मधला तो क्षण म्हणजे साखळीतली ढिलाई. शेवटी तळाचा बोल्ट. जुन्या तेलाबरोबर स्प्रिंग बाहेर आली. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर डोळ्यांना दिसेल इतकी आखूड झाली होती. दांडीच्या टोकाचं रबर दगडासारखं कडक, एका बाजूने झिजलेलं.

तीस वर्षं चाललेल्या रबराला दोष कसा द्यायचा? त्याने आपलं आयुष्य पुरं केलं होतं. व्हॉल्व्हसाठी हेड काढावंच लागलं, त्यामुळे साखळी, दोन्ही रबरी चाकं आणि दांडी असा सगळा संच बदलला. एकट्या दांडीने काही दिवस आवाज थांबला असता, पण लांबलेली साखळी तशीच राहिली असती, असं चाचा म्हणाले. व्हॉल्व्ह घासून बैठक नीट केली. पिस्टन आणि बोअरला हात लावायची गरज पडली नाही. संध्याकाळी किक मारली तेव्हा इंजिन असं चालत होतं की शेडबाहेरच्या चिमण्यांचा आवाज ऐकू आला.

मी मजुरीखेरीज थोडे जास्त पैसे पुढे केले. चाचांनी जास्तीचे परत दिले. "तुम्हारे अब्बा ने मेरे बेटे को अलिफ-बे सिखाया था, सर." मला हे माहीत नव्हतं.

तक्ता पुन्हा लिहिला

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझा तक्ता चूक होता." मग फळ्यावर कॅम काढून दाखवला. जुनी आखूड स्प्रिंग आणि झिजलेली दांडी मी बरोबर नेली होती. ती मुलांच्या हातांतून फिरली. नवा तक्ता मुलांनी स्वतः लिहिला : हेरॉन, चीनचे कारागीर, बनू मूसा, अल-बिरूनीने पाहिलेलं समरकंद, अल-जझरी, रेनॉल्ड, एजेएस, होंडा. तळाशी एका मुलाने स्वतःहून ‘मिरजेचे चाचा’ असंही लिहिलं. मी ते खोडलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत मात्र एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. म्हणाले, "सर, आपल्या पोरांना बाहेर काय काय ऐकावं लागतं, तुम्हाला माहीत आहे. एक अभिमानाची गोष्ट होती भिंतीवर. तीही तुम्ही काढून टाकलीत?"

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ज्या मुलांना रोज कुठे ना कुठे ऐकावं लागतं की तुमच्या लोकांनी या जगाला काय दिलं, त्यांच्यासाठी मोबाइलवरचा एक संदेश मलमासारखा असतो. मीही तो त्याच भावनेने लावला होता. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधून ठेवलं होतं, असं सांगणारे संदेश सगळ्याच समाजांत फिरत असतात.

पण मी त्यांना टॅपेटची गोष्ट सांगितली. आवाज दाबण्यासाठी आवळलेल्या टॅपेटने महिनाभर बरं वाटलं, आणि आतून व्हॉल्व्ह जळत राहिला. पोकळ अभिमानाचंही तसंच होतं. उद्या हीच मुलगी कॉलेजात जाईल, कुणीतरी हेरॉनचं नाव तिच्यासमोर टाकेल, आणि तिचा अल-जझरीवरचाच नव्हे तर माझ्यावरचाही विश्वास जाईल. त्यापेक्षा तिला खरा अल-जझरी द्यावा. जो इतरांचं ऋण मानतो, करून पाहिल्याशिवाय बोलत नाही, आणि पुढच्या माणसाला बनवता यावं म्हणून एकेक माप लिहून ठेवतो. ही गोष्ट कोणी तिच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तक्त्यावर त्याचं नाव जरा मोठ्या अक्षरांत तरी लिहा." मी हसून हो म्हणालो. आणि लिहिलंही. माप देऊन लिहिणाऱ्या माणसाला तेवढा मान द्यायला हरकत नव्हती.

गाडी आता ठीक आहे. दर दीड-दोन हजार किलोमीटरला तेल बदलतो. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, अब्बांच्या फडक्याने टाकी पुसतो, लांब स्क्रू-ड्रायव्हर हेडच्या डाव्या बाजूला टेकवतो आणि कान लावतो. घरचे हसतात. ती नववीतली मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. परवा रस्त्यात भेटली तेव्हा तिने आधी गाडीकडे बघितलं, मग मला सलाम केला आणि विचारलं, "सर, आवाज पुन्हा आला का?"

म्हटलं, "अजून तरी नाही. आला तर आधी ऐकेन, मग बोलेन."